दोन बाटल्या आणि एक नवस

आमच्या पंतनगरच्या वसाहतीत मला सगळे कप्तान म्हणत. मी बोटीवर होतो हे खरं, पण कप्तानाशी माझा संबंध एवढाच की त्याचं जेवण मी नेत असे. सलून स्टुअर्ड हे माझं पद. साध्या मराठीत सांगायचं तर बोटीवरचा वाढपी. पांढरा कोट, काळा बो आणि हातात ट्रे. त्या ट्रेच्या जोरावर मी एका विलायती कंपनीच्या बोटींवर उभी हयात काढली आणि निवृत्त होऊन घाटकोपरच्या घरी परतलो, तेव्हा लोकांनी मला परस्पर बढती देऊन टाकली. मीही ती नाकारली नाही. आमच्या गावात गुणाजी नावाच्या माणसाला बढती मिळाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

बढतीबरोबर आणखी एक पद आपोआप चिकटलं, ते म्हणजे परदेशी दारूचा जाणकार. कुणाच्या मेव्हण्यानं दुबईहून काही आणलं की बाटली आधी माझ्याकडे यायची. मी ती उजेडात धरायचो, डोळे बारीक करायचो, "हं" म्हणायचो आणि परत द्यायचो. त्या "हं"मध्ये काहीही नसायचं, पण बाटलीवाला खूश होऊन जायचा.

माझं खरं शिक्षण कुठे झालं ते सांगतो. बोटीवर रात्रीचं जेवण आटोपलं की साहेब लोक पोर्ट घेत. ही पोर्तुगालची गोड वाईन. इवल्याशा ग्लासांत ती मी ओतायचो आणि पाठीवर हात बांधून त्यांची चर्चा ऐकायचो. हिच्यात अक्रोड आहे, तिच्यात संत्र्याची साल आहे, ही जिभेवर फार वेळ राहते. मग ग्लास परत पँट्रीत आले की तळाशी जो थेंब-दोन थेंब उरला असेल तो मी जिभेवर घ्यायचो. माझी सगळी विद्या त्या थेंबांतली, आणि त्यातल्या निम्म्या थेंबांत सिगारेटची राख असायची. बऱ्याच वर्षांपर्यंत मी धुरकट चवीच्या वाईनला उत्तम समजत होतो. हे मी वनमालाला, म्हणजे माझ्या बायकोला, कधी सांगितलं नाही. उष्ट्याच्या बाबतीत ती इतकी कडक की नैवेद्याच्या आमटीत मीठ पडलंय की नाही हेसुद्धा ती चाखून बघत नाही. साता समुद्रांपारच्या गोऱ्यांचं उष्टं आपला नवरा चाटत होता हे तिला कळलं असतं, तर तिनं मला गोमूत्र शिंपडल्याशिवाय उंबरठा ओलांडू दिला नसता.

तर अशा या जाणकाराच्या कपाटात दोन बाटल्या होत्या. दोन्ही टॉनी पोर्टच्या. टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून राहिलेली पोर्ट. पिंपात तिचा लाल रंग हळूहळू उडतो आणि ती जुन्या तांब्यासारखी दिसायला लागते. जितकी जुनी, तितकी फिकी. पिंपातून एकदा बाटलीत उतरली की तिचं वय थांबतं. बाटलीत ती म्हातारी होत नाही, नुसती पेन्शन खाते. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं, आणि घरी आलेल्या एकाही पाहुण्याला ते ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

पहिली बाटली मला माझ्या शेवटच्या कप्तानानं निरोपाच्या दिवशी दिलेली. तिच्यावर साल होतं, एकोणीसशे सदतीस, आणि खाली बारीक अक्षरात बाटलीत भरल्याचं साल, चौऱ्याहत्तर. दुसरी मी त्याच शेवटच्या फेरीत लिस्बनच्या एका दुकानातून स्वतःच्या कमाईतून घेतलेली. तिच्यावर साल नव्हतं, नुसतं लिहिलेलं होतं की चाळीस वर्षांची. दुकानदारानं मला आधी दहा वर्षांची दाखवली, मग वीस वर्षांची. माझा चेहरा बघून त्यानं अंदाज केला असणार. मी मात्र कप्तानाच्या आवाजात चाळीसची मागितली आणि किंमत ऐकून वाढप्याच्या आवाजात "येस सर" म्हटलं.

या दोन बाटल्यांवर माझी उतारवयातली सगळी प्रतिष्ठा उभी होती. त्या उघडायच्या नाहीत, फक्त दाखवायच्या, असा माझा शिरस्ता. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यातला प्रकार.

आमची एकुलती एक मुलगी शकु. मुलुंडला दिली आहे. जावई रतन तिथल्याच एका कारखान्यात फिटर, स्वभावानं गरीब आणि माझी पोर्टची व्याख्यानं मान हलवून ऐकणारा म्हणून माझा विशेष लाडका. लग्नाला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत शकुला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते, पाळण्याला नवी दोरीसुद्धा आणून ठेवली होती. त्यानंतर शकु वर्षभर आमच्याकडे आली की गॅलरीत बसून राहायची. मी पाहुण्यांना हसवण्यात पटाईत, पण पोटच्या मुलीसमोर माझं तोंड उघडत नसे.

शहाऐंशी साली तिला तिसऱ्यांदा दिवस राहिले. या खेपेला तिनं डोहाळजेवण करू दिलं नाही, ओटीसुद्धा भरू दिली नाही. सातव्या महिन्यात ती आमच्याकडे आली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे झोपून राहिली. रक्तदाब वर चढत होता. आम्ही तिघंही त्याबद्दल सोडून बाकी सगळं बोलायचो.

अशात एका सकाळी वनमालानं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि सांगितलं की तिनं नवस बोलला आहे. बोलून तीन महिने होऊन गेले होते. शकु सुखरूप सुटली आणि मूल हाती लागलं, तर आमच्या गावच्या वेशीवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, घरातली सगळ्यात भारी बाटली द्यायची. आमच्या बाजूला राखणदाराला कोंबडा आणि दारू चालते, त्यात नवल काही नाही. मी विचारलं, भारी म्हणजे कुठली? दोन आहेत.

ती म्हणाली, "ता माका काय म्हायत? तुमका म्हायत आसतला म्हणान मी तसाच बोललंय."

मी चहा तसाच खाली ठेवला. माझ्या जाणकारीवर अख्ख्या घाटकोपरात मनापासून विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याच घरात निघावं? बरं, नुसता विश्वास नव्हे, मुलीचा जीव तिनं त्या विश्वासावर टांगून ठेवला होता. वनमालाचं म्हणणं सरळ होतं. भारी म्हणून हलकी बाटली दिली, तर ती देवाची फसवणूक, आणि राखणदार फसवणूक विसरत नाही. तेव्हा भारी कुठली ते तुम्ही ठरवा, तुमचा तो विषयच आहे.

मी सांगितलं की हे फार सोपं आहे. दोन्ही बाटल्या उघडायच्या, दोन ग्लास घ्यायचे, आधी ही, मग ती. जगात सगळीकडे असंच करतात.

वनमाला माझ्याकडे बघतच राहिली. उघडलेली बाटली उष्टी झाली, आणि उष्टी बाटली राखणदाराला कशी देणार? म्हणजे चव न घेता चव ठरवायची. साहेबांच्या बोटीवर हा पेच कुणावर आला नसता. तो आमच्यासारख्यांच्याच वाट्याला यायचा.

मग मी म्हटलं, दोन्ही देऊन टाकू. हे मी मोठ्या मनानं बोललो असं मला वाटलं होतं. ती म्हणाली की दोन दिल्या तर त्यातली एक तरी हलकी असणारच, आणि हलकी वस्तू देवाला जाणूनबुजून द्यायची नसते. या तर्काला उत्तर शोधत मी अख्खा दिवस घालवला. अजून सापडलेलं नाही.

शेवटी मी माणसं बोलावली. एक दादू, आमच्याच गावचा, पूर्वी गिरणीत होता. संपात गिरणी गेली तेव्हापासून घाटकोपर स्टेशनबाहेर नारळ विकायचा. आमच्या वसाहतीतल्या कोकणी घरांत गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचं, काम त्याचंच. दुसरा अंबादास, खालच्या मजल्यावरचा, मूळ नगरकडचा. जप्तीच्या मालाचा लिलाव होतो त्या सरकारी गोदामात तो कारकून होता. अंबादासनं आल्याआल्याच सांगून टाकलं की तो बौद्ध आहे, नवसबिवस मानत नाही, पण शकुसाठी आलो आहे. शकुला त्यानं लहानपणी सायकल शिकवली होती.

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि व्याख्यान सुरू केलं. सदतीस सालची वाईन चौऱ्याहत्तर साली बाटलीत आली, म्हणजे पिंपात राहिली सदतीस वर्षं. पुढची वर्षं पेन्शनीतली, ती धरायची नाहीत. दुसरी चाळीसची. म्हणजे चाळीसची वडील. पण, आणि इथे मी बोट वर केलं, चाळीस हा आकडा एका वाईनचा नव्हे. जुन्या-नव्या पिंपांतली वाईन एकत्र करून काढलेलं ते सरासरी वय. आजोबा, काका, पुतण्या, सगळे त्यात आले. कप्तानाची बाटली मात्र एकाच सालची, एकाच पिकाची. विलायतेत अशा एका सालच्या बाटलीला काही लोक जास्त मान देतात.

दारात उभी असलेली वनमाला लगेच म्हणाली की मग कप्तानाचीच भारी, मिसळलेलं देवाला कशाला? मी हो म्हणणार इतक्यात तिनंच हरकत घेतली. कप्तानाची बाटली भेट मिळालेली. आपल्या पदराला खार न लावता नवस फेडला तर तो फेडला म्हणायचा का? आपण घाम गाळून आणली ती दुसरी. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दादूनं एवढ्यात चाळीसची बाटली उचलून कानाशी धरली आणि नारळासारखी हलवली. मी किंचाळलोच. तळाचा साका ढवळेल, ठेव खाली. टॉनीत साका नसतो हे मला रात्री आठवलं. दादूनं मात्र दोन्ही हलवून निकाल दिला की कप्तानाच्या बाटलीत पाणी जास्त वाजतं, म्हणजे ती कमी भरलेली आहे. आम्ही गॅलरीत नेऊन बघितली. खरंच, कप्तानाच्या बाटलीतली वाईन मानेवरून खांद्यापर्यंत उतरलेली होती. आणि उजेडात रंगही दिसला. कप्तानाची तांबूस, चाळीसची अगदी फिकी, कडेला किंचित हिरवट. वनमालाला ती फार पाण्याच्या चहासारखी वाटली. मी सांगितलं, फिकी असणं हाच तिचा मान. ती म्हणाली की मग पाण्याला सगळ्यात जास्त मान द्यायला हवा.

अंबादास इतका वेळ बाटल्यांवरची लेबलं वाचत होता. मी त्याला भाव विचारला. लिलावात अशा बाटलीला काय येईल?

"राग मानू नको गुणाजी," तो म्हणाला. "व्हिस्की असती तर मारामारी झाली असती. पोर्ट कोण घेणार यार? आपल्याकडे ती बाळंतिणीला चमच्यानं देतात. औषध आहे ते."

इतकी वर्षं ज्या बाटल्यांच्या जिवावर मी कप्तान होऊन बसलो होतो, त्या बाजारात खोकल्याच्या औषधाच्या रांगेत उभ्या होत्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. हे तर आमच्याकडे पिकतही नव्हतं आणि विकतही नव्हतं. मी अंबादासला चहा विचारला नाही. वनमालानं दिला.

कमी झालेल्या वाईनचं कोडं मात्र वनमालानं सोडवलं. तिनं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी शपथ घेतल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. कुणी उघडली नाही, सील जसंच्या तसं, तरी वाईन कमी झाली. म्हणजे कोणी घेतली? दादूनं हात जोडले. त्या दोघांच्या मते राखणदार येऊन घोट घेऊन गेला होता, आपली बाटली त्यानं आपणच निवडली होती. मी सांगायचा प्रयत्न केला की बाटली मी गॅसच्या शेगडीमागच्या कपाटात उभी ठेवली, बूच सुकलं, आणि वाईन बुचातून उडून गेली. हवा आत गेली असेल तर वाईन बिघडलीही असेल.

"बिघडली काय नक्की?" वनमालानं विचारलं.

उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हटलं.

"तुमका उघडल्याशिवाय कायच सांगूक येना नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे काही आठवडे घरात दोन पक्ष होते. वनमाला आणि दादू कप्तानाच्या बाटलीच्या बाजूनं, आणि मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी रोज नवा मुद्दा काढायचो. कधी लाकडाची जात, कधी लिस्बनची हवा. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा अभ्यास. खरं सांगायचं तर मला एका बाटलीबद्दल काही ठरवायचं नव्हतं, म्हणून मी दोन्हींबद्दल बडबडत होतो. शकु पलंगावर पडून सगळं ऐकायची आणि कधीकधी हसायची. ती हसली की मला आणखी चेव यायचा.

मग ऑगस्टमधल्या एका दुपारी शकुचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दिवस अजून भरले नव्हते. अंबादास त्या दिवशी घरी होता. त्यानं रिक्षा आणली, शकुला धरून खाली उतरवलं आणि आम्ही तिला इस्पितळात नेलं. रतनला कारखान्यात निरोप गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तदाब फार चढलाय, मूल आत्ताच काढावं लागेल. दोघांपैकी कुणाबद्दलच त्या काही बोलल्या नाहीत. दार बंद झालं.

आम्ही बाहेर लाकडी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. मी उठून त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. वादळात बोट आडवी होत असताना मी हातातला ट्रे न सांडता नेलेला आहे, ही माझी आवडती बढाई. त्या दिवशी मला पाण्याचा पेला धरवत नव्हता.

वनमाला हात मांडीवर ठेवून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं मला शेजारी बसायला सांगितलं.

"आता माका खरा सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "लाकूड नको, साल नको. तुमच्या मनातली भारी खयची?"

मला व्याख्यान सुचेना. मी म्हटलं, चाळीसची.

"कशावरून?"

मग मी सांगितलं. शकुला पहिल्यांदा दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी चाळीसची बाटली कपाटाच्या मागच्या बाजूनं काढून, पुसून, पुढे ठेवली होती. नातवंडाच्या बारशाला ती उघडायची आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा भरलेला ग्लास स्वतःसाठी ओतायचा, असं मी ठरवलं होतं. कुणाला बोललो नव्हतो. पाचव्या महिन्यात ती परत मागे ठेवली. दुसऱ्या खेपेला पुन्हा पुढे काढली. पुन्हा मागे ठेवली. कप्तानाच्या बाटलीला मी पाहुणे आले की हात लावतो, एरवी तिची आठवणही येत नाही. या खेपेला मात्र चाळीसची पुढे काढायचा मला धीर झाला नाही. ती सगळ्यात जड आहे, दुसरं काही मला कळत नाही.

 वनमालानं पदरानं तोंड पुसलं.

"माका म्हायत होता," ती म्हणाली. "दोनय येळा मी तुमका बाटली पुसताना बघितलंय. पण ती तुमची. तुमच्याच तोंडातून येवक व्हयी होती."

म्हणजे इतके आठवडे सालं, पिंपं, रंग आणि बुचं यांच्यावर मी जो घसा कोरडा केला, तो तिनं ऐकून घेतला होता, वर कप्तानाच्या बाटलीची बाजूही धरली होती, फक्त मी केव्हा खरं बोलतो याची वाट बघत. मला लाजही वाटली आणि तिच्याबद्दल एवढी माया दाटून आली की मी भर इस्पितळात तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, कारण समोर आया उभी होती.

रतन धावत आला तेव्हा संध्याकाळ होत होती. थोड्या वेळानं दार उघडलं. मुलगी झाली होती. लहानशी, पावणेदोन किलोची, पण रडत होती. इतकं सुंदर रडणं मी ऐकलेलं नाही. शकुला शुद्ध यायला वेळ होता, पण धोका टळला होता. रतन भिंतीला टेकून खाली बसला. वनमालानं आमच्या गावाची, म्हणजे दक्षिणेची, दिशा समजून हात जोडले. चुकीच्या दिशेला जोडले होते, तिकडे मुलुंड होतं. समुद्रावर हयात काढलेल्या माणसालाही त्या वेळी दिशा सांगाव्याशा वाटल्या नाहीत.

नातीला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ती घरी आली, बारसं आटोपलं आणि मग नवस फेडायचा दिवस आला. गावी जायचं तर शकुला प्रवास झेपणारा नव्हता. दादू म्हणाला की गावचा राखणदार आपल्या माणसांपाठोपाठ मुंबईलाही येतो, नाहीतर इतकी वर्षं आपल्याला इथे कोण सांभाळतंय? वसाहतीच्या मागच्या भिंतीपाशी एक उंबर होता, तिथे जायचं ठरलं.

चवीचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वाट बघत बसू नका. गाऱ्हाण्यानंतर दादूनं बाटलीतली बरीचशी उंबराच्या मुळाशी ओतली. उरलेल्यातली आधी एका वाटीत काढून वनमाला शकुसाठी वर घेऊन गेली, कारण अंबादासचं ते औषधाचं वाक्य तिनं मनावर घेतलं होतं. बाकीची आम्ही स्टीलच्या फुलपात्रांतून घेतली. भाजलेले काजू, जुना गूळ, आणि मागून एक आंबटसा धागा, बराच वेळ जिभेवर राहणारा. रतन म्हणाला, मस्त आहे. अंबादास म्हणाला की लिलावात नाही, पण घरात ठेवायला हरकत नाही. दादूला ती गोड वाटली. कप्तानाची बाटली आम्ही पुढे दिवाळीत उघडली, ती साफ बिघडलेली निघाली. वनमाला आजही म्हणते की त्यातलं चांगलं होतं ते राखणदारानं आधीच काढून घेतलं. मी वाद घालत नाही.

तर गाऱ्हाणं. सकाळची वेळ. उंबराखाली पान, सुपारी, नारळ आणि मध्ये माझी चाळीस वर्षांची. सील दादूनं आमच्यासमोर तोडलं. आम्ही पाच-सहा पुरुष अर्धगोल करून उभे राहिलो, अंबादास थोडा बाजूला, पण हात जोडून. मागे भिंतीला टेकून वनमाला, तिच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेली नात. शकु वर गॅलरीत खुर्चीवर बसली होती, कठड्यातून तिचा चेहरा दिसत होता.

दादू एरवी नारळाच्या भावावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारा माणूस. गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज वेगळाच होतो, जड आणि सावकाश. त्यानं गावातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. मग तो म्हणाला की हे लेकरू बोललेला नवस आज फेडतंय, घरातली भारीत भारी वस्तू तुझ्या पायाशी ठेवतंय.

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं झालं, आता ओतेल. दादू थांबला. त्यानं वर गॅलरीकडे एकदा बघितलं. पुढचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, ते त्यानं आपल्याच मनानं घातलं.

"जी दोन लेकरा इली आनि परत गेली, ती तुझ्याकडे आसत. तेंका भूक लागली तर जेवक घाल. तेंका भिया वाटला तर जवळ घे. आनि ही तिसरी हिच्या आवशीच्या पदरात रवांदे, म्हाराजा."

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. अंबादासनंही म्हटलं. मी तोंड उघडलं, पण माझा आवाज फुटेना. वर गॅलरीत शकु दोन्ही हातांत तोंड झाकून रडत होती. त्या दोघांचा उच्चार आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणी केला नव्हता.

दादू माझ्याकडे बघत थांबून राहिला, कारण घरच्या माणसाचा होकार आल्याशिवाय ओतायचं नसतं. मागून वनमाला पुढे आली, नातीला छातीशी धरून माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझ्या वाटचं तिनं म्हटलं.